नवऱ्याची स्पॅनिश साक्ष

बोलिव्हियात सुवार्ता सांगायला निघालेले आम्ही दोघं नगरकर वर्षभर सिंगापुरातच होतो. मिशनरी प्रशिक्षण देणारी संस्था इथली, त्यामुळे स्पॅनिशही इथेच शिकायची. या शहरात पाट्या चार भाषांत असतात आणि त्या चारांत स्पॅनिश नाही, ही गोष्ट संस्थेतल्या कुणाला खटकत नव्हती.

नगरच्या मंडळीला, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांना, आम्ही दर महिन्याला प्रार्थनापत्र धाडायचो. 'परमुलखातल्या खडतर जीवनात प्रभू सांभाळतो आहे,' असं मी सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये एसी लावून लिहायचे. खडतर म्हणजे काय, तर बाजरीच्या पिठासाठी लिटिल इंडियापर्यंत जावं लागे. नवरा हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत चिकन राइस चापत 'त्यागाचं जीवन' या विषयावर टिपणं काढायचा.

वर्षअखेरीला परीक्षा एकच. जोडप्यातल्या नवऱ्याने सगळ्यांसमोर स्पॅनिशमधून आपली साक्ष द्यायची. पास झालात तर बोलिव्हिया, नाही तर नगर. मंडळीने आम्हाला हार घालून, मटणाचं जेवण घालून निरोप दिला होता. परत जाऊन रविवारी त्याच बाकावर बसायचं, या विचाराने मी रोज रात्री नवऱ्याकडून क्रियापदं घोकून घ्यायचे.

साक्ष म्हणजे प्रभूने आपल्याला कसं बदललं ते सांगणं. संस्थेचा त्यासाठी ठरलेला साचा होता: आधी मी कसा होतो, प्रभू कसा भेटला, नंतर मी कसा झालो. पंचाईत अशी, की नवऱ्याला 'आधी' नव्हतंच. चौथ्या पिढीचा ख्रिस्ती, पाळण्यातून उतरला तो थेट संडे स्कूलमध्ये. बरंच आठवून त्याने लिहिलं, की एका नाताळला आईच्या डब्यातल्या करंज्या चोरल्या होत्या.

आमचे प्रशिक्षक सिंगापुरी चिनी गृहस्थ. त्यांनी कागद परत केला. "ब्रदर, युअर बिफोर सो वीक. ओन्ली स्टील स्वीट्स? कॅनॉट, लाह!"

वर्गातला एक कोरियन पूर्वी गुंड होता. त्याची साक्ष ऐकताना स्पॅनिश शिकवणाऱ्या कोलंबियन बाई डोळे पुसायच्या. नवरा त्या गुंडावर जळायला लागला. दुसऱ्याच्या पापाचा हेवा करणारा मिशनरी मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिला.

परीक्षेच्या दिवशी हा उभा राहिला आणि न अडखळता म्हणाला, मी दारुडा होतो. घरातल्या ऑर्गनमागे बाटली लपवायचो. तोंडात लवंग धरून शाळेत शिकवायला जायचो. एकदा आईच्या अंगावर ताट भिरकावलं. मग एका सकाळी गुडघे टेकले, बाटली मोरीत ओतली आणि पुन्हा तिला शिवलो नाही.

कोलंबियन बाई हुंदके देत होत्या. प्रशिक्षक म्हणाले, "नाऊ गॉट पॉवर, ब्रदर!" खोकल्याच्या औषधाने ज्याला गुंगी येते तो माझा नवरा दारुडा म्हणून पास झाला.

बाहेर आल्यावर मी त्याला झापलं. "अहो, देवाच्या कामासाठी खोटं बोलता? लाज नाही वाटली?"

"अगं, बोलिव्हियात कोण विचारायला येतंय?"

मलाही नगरचा तो बाक नकोच होता, तेव्हा माझं सोवळंही तेवढ्यापुरतंच.

पण संस्थेने कौतुकाने त्या साक्षीचा व्हिडिओ इंग्रजी भाषांतरासह नगरला पाठवला. पाळकांनी रविवारी उपासनेनंतर तो पडद्यावर दाखवला आणि पुढच्याच बाकावर सासूबाई बसल्या होत्या. दुपारी त्यांचा फोन आला. नवऱ्याने घाबरून स्पीकर लावला.

"आई, ते परीक्षेसाठी..."

"ऑर्गनमागची बाटली तुला ठाऊक होती?"

"हो."

"केव्हापासून?"

"आठ वर्षांचा होतो."

म्हणजे ती बाटली सासऱ्यांची. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. मिशन शाळेत मास्तर, मंडळीचे पंच, भला माणूस, काविळीने गेले, असं मला सांगितलेलं. इतक्या वर्षांत नवरा अवाक्षर बोलला नव्हता आणि बोलला तो स्पॅनिशमध्ये, परक्या लोकांपुढे. त्याचा राग आला आणि त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं.

"मी पाळकांना आजच खरं सांगतो," तो म्हणाला. "बोलिव्हिया गेलं तरी चालेल."

"खबरदार! तीस वर्षं झाकलंय मी. बायका विचारत होत्या, मी सांगितलं, हो, प्यायचा माझा पोरगा. आता ते तुझ्याच नावावर राहू दे."

नवऱ्याने फोन दोन्ही हातांत धरला. सासूबाई हळू आवाजात पुढे म्हणाल्या,

"पाळकांकडून तो व्हिडिओ फोनवर घेतलाय मी. बाटली मोरीत ओतलीस ना, तेवढंच सारखं लावून बघतेय. निदान तिथे तरी सोडली रे त्यांनी."