लॉनवर शेणखत

शेणाच्या पाटीपायी माझ्या बापानं माझ्या आईला मारलं. गुलबर्ग्यात, सरकारी क्वार्टरच्या दारात, सकाळच्या उन्हात, शेजाऱ्यांच्या देखत. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या रांगेत राहायला आलेले आमच्या लोकांतले पहिले ओव्हरसियर. क्वार्टरपुढं वीस पावलांचं लॉन होतं. आमच्या गावी, जनवाड्यात, लहानपणी पाटलाच्या गोठ्यातलं शेण काढायला त्यांना हाक यायची, आणि जावं लागायचं. वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं: मेलेलं ढोर ओढायचं नाही, गोठ्यातल्या पाट्या वाहायच्या नाहीत. अप्पांनी त्याची पत्रकं गावोगाव वाटली. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. त्यातला शब्द न् शब्द मला आजही मान्य आहे.

त्या उन्हाळ्यात लॉन पिवळं पडलं. आधी कडेनं, मग मधोमध, काविळीच्या माणसासारखं. शेजारच्या क्वार्टरपुढं मात्र हिरवंगार. तिथं अप्पांच्याच ऑफिसातले हेडक्लार्क राहायचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. ते रोज कुंपणाशी येऊन उभे राहत.

"काय साहेब, कामून पिवळं पडायलंय? टाका की दोन पाट्या शेणखत. तुमच्या लोकांला काय शिकवायचं त्यात!"

अण्णा हसायचे. अप्पा हसत नसत. त्यांनी युरियाचं पोतं आणलं. पांढरे, कोरडे, स्वच्छ दाणे. त्यांना कुणाच्या गोठ्याचा वास नव्हता.

माझी माय मादन हिप्परगा या गावची. लहानपणापासून दुसऱ्यांच्या शेतात राबलेली. ती म्हणाली, "आधी पानी द्या, मग थोडं थोडं फेका, वरून पुन्ना पानी. असं उन्हात टाकू नगा, जळंल."

"शेतातलं शहाणपण इथं नको," अप्पा म्हणाले, आणि भर दुपारी तापलेल्या मातीवर मुठीमागून मूठ टाकत गेले. नळाला पाणी आलं दुसऱ्या दिवशी. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. जिथं जिथं मूठ पडली तिथं तिथं गवत करपलं.

"साहेब, लॉनवर चुली मांडल्या व्हय?" अण्णांनी विचारलं. अप्पांनी कुंपणावरून त्यांची गचांडी धरली. मी आणि मायनं मिळून ती सोडवली.

मायनं आठवडाभर करपलेलं गवत खुरप्यानं काढलं, जमिनीला पाणी पाजलं. मग एका सकाळी, अप्पा आंघोळीला गेल्यावर, मागच्या गल्लीतल्या गवळ्याकडून तिनं जुनं, कुजून भुगा झालेलं शेणखत आणलं. पहिली पाटी पसरून झाली. दुसरी डोक्यावर घेऊन ती फाटकातून आत आली आणि त्याच वेळी ऑफिसचे कपडे-बूट चढवून अप्पा दारात आले.

त्यांनी हिसका मारून पाटी पाडली. मग तिच्या थोबाडीत दिली. ओठ फुटला. ती खाली बसून पाटी धरायला गेली तर त्यांनी तिच्या बोटांवर बूट ठेवला.

"डोक्यावर शेण! माझ्या घरात! यासाठी गाव सोडलं व्हय?"

माय रक्त थुंकली. "ती पाटलाची व्हती. ही माजी हाय. मला कुनी हाक मारून बोलिवलं न्हाई."

मी अप्पांच्या मनगटाला कडकडून चावले. त्यांनी मला भिंतीवर भिरकावलं, डोळ्यांपुढं अंधार आला. कुंपणापलीकडून अण्णा म्हणाले, "जाऊ द्या साहेब, शोभतं का?"

"तुमी आत जा अण्णा," माय म्हणाली. "नाय तर तिकीट काढा."

तिनं रिकामी पाटी उचलली आणि पुन्हा गवळ्याकडं निघाली. मी मागोमाग गेले. तिची बोटं सुजली होती, म्हणून येताना भरल्या पाटीचा एक कान मी धरला. फाटकाला आतून कडी होती आणि कडीपाशी अप्पा.

"कडी काढा."

"आधी ते बाहेर ठेव."

"मग ऱ्हाऊ द्या कडी."

फाटकालगतची भिंत छातीएवढी. आम्ही दोघींनी पाटी उचलून भिंतीवरून पालथी केली. निम्मं लॉनवर पडलं, निम्मं अप्पांच्या पांढऱ्या शर्टावर. त्यांनी भिंतीला टेकवलेलं फावडं उचललं. मी रस्त्याकडेचा धोंडा उचलला. हे लिहिताना मला लाज वाटत नाही. बाईला मारायचा हक्क कुठल्याच पत्रकात मी वाचला नव्हता.

"बापाला मारशील?"

"फावडं उगारून बघा."

त्यांनी फावडं भिंतीवर हाणलं. गिलाव्याचा पोपडा पडला. ते आत गेले, दार लावलं.

मायनं वरून हात घालून कडी काढली. गवत पुढं हिरवं झालं, अगदी अण्णांच्या लॉनसारखं, पण त्या सकाळी कुणाला ते ठाऊक नव्हतं. ती उकिडवी बसून सुजल्या बोटांनी खत मुळांशी सारत होती.

"नळाला पानी आलंय का बघ गं."

"तूच बघ," मी म्हणाले. "मी इथून हलणार न्हाई."

ती पाणी सोडून आली, पुन्हा बसली. शेवटची ओंजळ पसरून होईपर्यंत मी धोंडा हातात धरून बंद दाराकडं तोंड करून उभी राहिले.