नराच्या पोटातला बलक

चार जुने लॅबवाले चहाला बसले की कामाचं कुणी बोलत नाही, किस्सेच निघतात. आमच्या बडोद्याच्या लॅबचे तर इतके साठलेत की बायको विचारते, "मग रिसर्च कधी केलात?" केला हो! नव्वदच्या दशकात केला, आणि झकास केला. आठवलं की अजून ऊर भरून येतो.

आमचं काम गोलकृमींवर. डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव! त्यांतले अंडी घालणारे कृमी बलकाचं प्रोटीन बनवतात, नर बनवत नाहीत. नरात एक जीन ते बंद ठेवतो. मांजलपूरच्या हेतलने पाळलेल्या कृमींत हा जीन बिघडलेला होता, आणि तिचे नर चक्क बलक बनवत! तिची अख्खी पीएच.डी. त्यावर उभी होती.

*

हेतलचं घर कट्टर जैन. तिथे अंड्यातल्या बलकाचं नाव कोण काढणार? म्हणून तिने आईला एवढंच सांगितलं, की नर एक काम का करत नाहीत, ते मी शोधते.

आई म्हणाली, "एमां पीएच.डी. शुं करवानी? तारा पप्पाने जो ने!" म्हणजे, तुझ्या पप्पांकडेच बघ की!

*

कृमी छोट्या काचेच्या प्लेटांत वाढतात आणि त्यांना गारवा लागतो, म्हणून डिपार्टमेंटमधला एकुलता एक एसी त्यांच्या खोलीत. मे महिन्यात एक वयस्कर प्रोफेसर पेपर तपासायला तिथेच ठाण मांडून बसत. आमच्या गाईड नाडकर्णी मॅडमनी हटकलं, तर म्हणाले, "मॅडम, एक प्लेट माझ्या नावाची समजा!"

*

नवरात्रात मुली गरब्याची चणियाचोळी घालूनच मायक्रोस्कोपला बसत. पंख्यासारखी शेपटी दिसली की तो नर, तारेने अलगद उचलायचा. मॅडम दारातून ओरडत, "मैदानावर नर नंतर शोधा, आधी इथले वेचा!"

*

हेतलच्या व्हायव्हाला बाहेरगावचे एक मोठे परीक्षक आले. नर आणि बलक? त्यांना पटेचना. "तुमच्या नरांत अंडी घालणारे मिसळलेत. वेचण्यातच चूक आहे. मी पास करणार नाही."

मॅडमनी शांतपणे मायक्रोस्कोपपुढची खुर्ची ओढली. "सर, तुम्हीच वेचा."

त्यांनी मुक्काम वाढवला. प्रत्येक नर स्वतः निरखून उचलला, कुणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्या नरांतली प्रोटीनं जेलवर वेगळी केली, तर बलकाचा पट्टा ठसठशीत!

परीक्षक म्हणाले, "यात नक्की काहीतरी मिसळलंय."

मॅडम म्हणाल्या, "असेल सर. मग वेचणाऱ्याला नापास करू या?"