रिकामा खलबत्ता

थांब, फोन ठेवू नको. पेपरातलं म्हाताऱ्या आईबापाच्या कायद्याचं वाचून दाखवलंस ते बरं केलंस, पण वर म्हणलीस, तुमच्या काळी म्हाताऱ्या माणसाला केवढा मान होता. कुणी सांगितलं गं तुला? एवढी शिकलेली पोरगी, आन् असं ऐकीव बोलतीस. ऐक आता.

कुरुंद्याला आमच्या भिंतीला लागून एक आत्या राहायची. नात्याची न्हाई, सगळी गल्लीच तिला आत्या म्हणायची. मोठा दुष्काळ नुकता सरला होता, घरोघर रेशनावरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. आत्याच्या तोंडात एक दात न्हाई. लेकाकडं विहीर होती, हळदीचं रान होतं, खायाप्यायाची तकलीफ न्हवती. पण म्हातारीच्या ताटात कोरडी भाकर आन् मिरची, बस. वरणाचा थेंब न्हाई. ती आपली लोखंडी खलबत्त्यात भाकर कुटायची आन् मीठ-पाणी घालून तो भुगा गिळायची. दुपारी तिची खणखण सगळ्या गल्लीला ऐकू यायची.

एकदा आडावर कुणीतरी सुनेला टोमणा मारला, "दुपारचं काय कुटून राहिली गं तुझी सासू, सोनं का?" बाया हसल्या. त्याच दिवशी खलबत्ता कुलपात गेला.

मंग म्हातारीनं खावं काय? मिलोची भाकर पाण्यात भिजवली तरी घशाला लागायची. मी भिंतीवरून वाटीभर वरण दिलं, तर सुनेनं तिच्यादेखत गायीच्या घमेल्यात ओतलं. आत्याच्या गालाची हाडं दिसाया लागली.

आडावर सगळ्या म्हणल्या, व्हय बाई, हे बराबर न्हाई, उद्या मिळून पोलीस पाटलाकडं जाऊ. उद्या उजाडलं तर एकीच्या घरी पाहुणे, एकीचं लेकरू आजारी, एकीचा नवरा नको म्हणला. माझा बी म्हणलाच होता, लोकाच्या चुलीत तुझं काय? शेवटी गेले एकटीच.

पाटलानं लेकाला बोलावलं. तर हा बहाद्दर आईच्या वाट्याची भाकर फडक्यात बांधून घेऊनच आला. पारावरच्या माणसांनी ती हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली, चांगली जाडजूड हाय म्हणले. पाटील मला म्हणला, "भाकर तर देऊन राहिला. मंग तक्रार काहून?"

"पाटील, देणं आन् खाऊ देणं एकच हाय का?"

तर हसला. म्हणे, सूनबाई, आता खलबत्त्यासाठी पंचायत भरवू का? मंग आत्यालाच बोलावून विचारलं. ती लेकाच्या तोंडाकडं पाहत म्हणली, "मला भूकच लागत न्हाई."

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. घरी आले, माझा खलबत्ता ओसरीवर मांडला आन् जेवायच्या वक्ताला रिकामाच कुटायला बसले. जाणारा-येणारा विचारायचा, काय कुटतीस? मी म्हणायची, शेजारच्या आत्याची भाकर. रोज तेच. नवरा चिडला, लोक येडी म्हणले, कुटून कुटून हात भरून आले. आत्याचा लेक भिंतीपलीकडून म्हणला, वैनी, बंद करा ते. मी म्हणलं, तिचा तिला द्या, करते बंद.

एक दिवस आत्याच भिंतीपाशी आली. खलबत्ता दिला म्हणली. मला वाटलं, चला, झालं काम. तर म्हणती, "खाली पोतं घालायचं आन् दार लावून कुटायचं म्हणला. आवाज बाहेर न्हाई गेला पाहिजे. आता तू बी वाजवू नको, माय. तो चिडतो."

आन् खूश होती गं ती. घास पोटात जाऊन राहिला होता, तिला तेवढंच पुरे. आडावर म्हणल्या, मिटलं बाई एकदाचं. काय मिटलं? ताटात वरण आलं का? उलट आता मला काहीच ऐकू यायचं न्हाई. ती जेवली का तशीच निजली, भिंतीअलीकडं कळायला मार्गच राहिला न्हाई.

आता कायदा हाय म्हणतीस. असंल. पण आमच्या समोरच्या घरातल्या म्हातारबाबांचा चष्मा सुनेनं उचलून ठेवलाय. बाबा चार लोकांत जाऊन बसतेत आन् घरचं बोलतेत, म्हणून. मी विचारायला गेले तर बाबाच म्हणले, मला बिनचष्म्याचं चांगलं दिसतंय. आन् माझ्या तोंडावर दार लावलं. एकट्या म्हातारीला कुणी बी हाकलतं. तू लवकर ये, बाई. आल्या आल्या चहा बी नंतर घेऊ, आधी दोघी मिळून त्यांच्या घरी जाऊ.