सुलभाताईंचे डाग

सुलभाताईंच्या दातांतून दोरा सुटला, की समजायचं, आता कोणाची तरी खैर नाही. एरवी आयब्रो करताना दोऱ्याचं एक टोक दातांत धरलेलं असल्यामुळे त्या गप्प असायच्या. पण खुर्चीतली बाई "ताई, बघा ना, किती काळी पडलेय मी" असं म्हणाली, की दोरा बाहेर. "पडलीस म्हणजे? कुठून पडलीस? आईच्या पोटातून आलीस तशीच आहेस ना?" अर्ध्या भुवईने कोणाला उठून जाता येत नाही, त्यामुळे बिचारी निमूट ऐकून घ्यायची.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं पार्लर होतं. बाहेर बोर्ड नव्हता. मी बावीस वर्षांची असताना आई मला पालेगावातून रिक्षाने तिथे घेऊन गेली. रविवारी मला बघायला येणार होते. मी बीकॉम झाले होते, अंबरनाथच्या एका कंपनीत नोकरीला लागले होते, पण घरात चर्चा एकाच गोष्टीची होती, माझ्या रंगाची.

"ताई, हिला जरा उजळवा," आई म्हणाली. "ब्लीच करा नायतर कायपन करा. रविवारी पावने येनार हायेत."

ताईंनी माझी हनुवटी धरून चेहरा ट्यूबलाइटकडे वळवला. "काय झालंय हिला? चांगली तर आहे."

"काली हाय ना पन."

"मग? कातडी आहे ती वहिनी, घासायला फरशी नाय."

मग त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या गालावर ठेवला. दोन्ही गालांवर निळसर काळे डाग होते, हाताला खरखरीत लागणारे. लग्नानंतर त्यांच्या सासूने कॅम्प दोनच्या बाजारातून बिनलेबलची क्रीमची डबी आणून दिली होती. आधी चेहरा उजळला, सासू खूश झाली. मग उन्हात गेलं की आग व्हायला लागली आणि वर्षभरात हे डाग उठले, ते कायमचे. "लोक विचारतात, बोर्ड का नाय लावला," ताई म्हणाल्या. "हा काय बोर्ड. डबल लावलाय."

त्या दिवशी त्यांनी माझ्या फक्त भुवया केल्या. आई रागावली, पण साडी नेसवायला रविवारी त्यांनाच बोलावलं, कारण तिला दुसरं कोणी माहीत नव्हतं.

पाहुणे आले, चहा झाला. मुलाची आत्या म्हणाली, "पोरी, इकडे खिडकीत ये जरा. उजेडात बघू दे." मी गेले. आजही मला स्वतःचा संताप येतो तो याचाच, की मी मुकाट्याने उठून गेले. आत्याबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि आपलं मनगट माझ्या गालाशेजारी धरून रंग जुळवून पाहिला. साडीच्या दुकानात मॅचिंग ब्लाउजपीस बघतात तसा. माझे वडील जमिनीकडे बघत होते आणि आई हसत होती.

स्वयंपाकघराच्या दारातून ताई म्हणाल्या, "झालं बघून? आता मुलाला पाठवा खिडकीत. आम्हाला पण बघायचंय."

सगळ्यांना ती गंमत वाटली.

"हसताय काय? खिडकी एकच आहे, पण दोघांना पुरेल. चल रे, ये उजेडात."

मुलगा लाल झाला. माणसं पोहे तसेच टाकून निघून गेली. "माजे पोरीचा जलम वाया घातलास!" आई ओरडली. ताईंनी शांतपणे पिनांची डबी पिशवीत टाकली. "हिचा जलम त्या खिडकीत होता काय, वहिनी?" एवढंच बोलल्या.

त्यानंतर आईने त्यांचं तोंड पाहिलं नाही. मी मात्र चौदा वर्षं दर महिन्याला जात राहिले. पुढे माझं लग्न झालं की नाही, ते मुद्दामच सांगत नाही. लोकांना सगळ्यात आधी तेच विचारायचं असतं.

यंदा उन्हाळ्यात ताई अचानक गेल्या. मी धावत पोहोचले, तर गल्लीच्या तोंडावर 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लागलेला. मी त्याच्यासमोरून पुढे निघून गेले. ओळखलंच नाही. खाली नाव वाचलं म्हणून मागे फिरले. फ्लेक्सवर एक गोरीपान बाई होती, गुळगुळीत गालांची, गुलाबी ओठांची. डागांचा मागमूस नव्हता. माझ्या डोक्यात सणक गेली. जन्मभर जिने दुसऱ्यांच्या पोरींना ब्लीच केलं नाही, तिला मेल्यावर पोटच्या पोराने केलं!

"महेश, ही कोण आहे?" मी ताईंच्या मुलाला विचारलं.

"दीदी, मम्मी कधी फोटोच काढू द्यायची नाय, आधार कार्डवरचाच होता," तो रडत म्हणाला. "म्हटलं, लास्टला तरी छान दिसू दे."

त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्हींपैकी काहीच केलं नाही. माझ्या मोबाइलमध्ये ताईंचा एक चोरून काढलेला फोटो होता, दोरा दातांत धरून रागाने वर बघतानाचा. तो घेऊन मी तडक फ्लेक्सवाल्याकडे गेले.

त्याने फोटो स्क्रीनवर मोठा केला. "मॅडम, हे गाल क्लीन करतो. दो मिनट का काम है."

"हात लावायचा नाही."

"अहो, पण चौकात लागणार. पब्लिक बघेल ना."

"बघू दे," मी म्हणाले. "त्यांच्या पार्लरचा बोर्ड आहे तो."