झाकणबाई

तोंडावर तिला सगळे मॅडम म्हणत आणि पाठ वळली की झाकणबाई. हे तिला ठाऊक होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दवाखान्यांच्या लहानमोठ्या लॅबमध्ये ती शिकवायला जाई, आणि तिच्या शिकवण्याचं सार इतकंच होतं की जंतू वाढवायच्या प्लेटचं झाकण उगाच उघडू नका. काही जंतू असे असतात की वाकड्या मनाचा एखादा माणूस ते मुद्दाम पसरवू शकतो. असं कधी झालंच, तर पहिला रुग्ण काही पोलिसांकडे जाणार नाही. ताप हटत नाही म्हणून तो घराजवळच्या दवाखान्यात जाईल, त्याचं रक्त तिथल्याच लॅबमध्ये येईल आणि तो जंतू सगळ्यात आधी तिथल्या टेक्निशियनला दिसेल. त्यानं हुशारी करत नाव शोधत बसायचं नाही. संशय आला की थांबायचं, झाकण लावायचं, माणसांना बाजूला करायचं, प्लेट हवा गाळणाऱ्या काचेच्या कपाटात ठेवायची आणि मुख्य प्रयोगशाळेला फोन करायचा. एवढंच सांगायचा पगार मिळतो का, असं एकानं तिला खवचटपणे विचारलं होतं. ती म्हणाली, हो, कारण एवढंच कुणी ऐकत नाही.

खरी पंचाईत नाकाची होती. प्लेटवर जंतू वाढले की त्यांना वास येतो. एकाला द्राक्षांचा, एकाला ओल्या मातीचा, एकाला असा की दुपारचं जेवण नको वाटावं. जुने टेक्निशियन झाकण किलकिलं करून प्लेट नाकाखालून फिरवत आणि यंत्राच्या आधी जंतूचं नाव सांगून मोकळे होत. बहुतेक जंतूंच्या बाबतीत हे खपून जातं. ज्यांच्यासाठी ही सगळी शिकवणी होती, ते मात्र श्वासाबरोबर आत शिरतात आणि मग महिनोन् महिने मुक्काम ठोकतात. म्हणून झाकणबाईची परीक्षा फार कडक असे. निरुपद्रवी पण दिसायला तसाच जंतू वाढवलेली प्लेट ती समोर ठेवी. बाकी सगळं बरोबर केलं आणि प्लेट नाकाजवळ नेली, की नापास. त्यावर अपील नाही.

आणि प्लेट हुंगायची ही विद्या ज्यानं निम्म्या शहराला शिकवली, तो तिचा सख्खा मामा होता.

आईवडील लवकर गेल्यावर मामा-मामींनीच तिला वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून लाड झाले, पण अभ्यासात सूट नव्हती. पाढा अडला की मामा ओरडत नसे. हाताची घडी घालून नुसता वाट बघत बसे, आणि ते ओरडण्याहून वाईट असे. याच कामाची वाट त्यानं तिला दाखवली. लॅबमध्ये तर झाडूवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे त्याला मामाच म्हणत, पण त्याला मामा बनवणं कुणाला जमलं नव्हतं. माणूस नाकासमोर चालणारा, आणि त्याच नाकाचा त्याला भारी अभिमान. भाची मुख्य प्रयोगशाळेत लागली तेव्हा त्यानं लॅबभर पेढे वाटल्यासारखं तोंड करून ती बातमी वाटली होती.

मग एके वर्षी परीक्षा घ्यायला त्याचीच लॅब तिच्या वाट्याला आली. तिनं साहेबांना सांगून पाहिलं की दुसऱ्या कुणाला पाठवा. दुसरं कुणी नव्हतं. मामाला मात्र गंमत वाटत होती. त्यानं हाताखालच्या पोरांना जवळ बोलावलं, प्लेट उजेडात धरली आणि खडाखडा सांगितलं, की हा उशिरा वाढलाय, ठिपके धुळीसारखे बारीक आहेत, याच्या वाटेला जायचं नाही. सगळं अचूक. आणि बोलता बोलता झाकण उचलून प्लेट नाकाखाली नेली. किती वर्षांची सवय ती, त्याच्या लक्षातही आलं नाही.

घरी ती त्याला अरे-तुरे करायची. तिथे म्हणाली, "मामा, तुम्ही नापास."

एका पोराला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात लपवलं. मामानं प्लेट खाली ठेवली, हात धुतले, एप्रन काढून खुंटीला लावला. "नाकापेक्षा मोती जड झाला म्हणायचा," एवढं बोलून तो चहाला निघून गेला. बाजूला घेऊन सांगता आलं असतं, असं तिला परतीच्या वाटेवर शंभरदा वाटलं. पण ती पोरं बघत होती, आणि मामानं जे केलं तेच ती पोरं उद्या करणार होती.

त्यानंतर मामानं तिच्याशी बोलणं टाकलं. ती घरी गेली की तो बागेत जाई, बागेत गेली की घरात येई. मामी बिचारी दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी. तुझं नाव काढलं की टीव्हीचा आवाज वाढवतात, असं ती फोनवर कुजबुजत सांगायची. लॅबमधल्या पोरांकडून मात्र झाकणबाईला वेगळंच कळत होतं. मामा आता कुणी प्लेट नाकाजवळ नेली की हातावर चापट मारतो आणि शब्दन् शब्द तिचाच वापरतो. हे ऐकून ती सुखावली, आणि हे तो आपल्याला येऊन का सांगत नाही म्हणून रडलीही.

एका दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे मामा होता. एखाद्या अनोळखी लॅबमधून बोलावं तसा तो सरळ कामाचं बोलू लागला. आठवडेच्या आठवडे ताप असलेल्या रुग्णाचं रक्त. बाटलीत फार उशिरा काहीतरी वाढलं, प्लेटवर धुळीसारखे ठिपके. सगळ्यांना बाहेर काढलं, झाकण लावलं, प्लेट कपाटात ठेवली, खोली बंद केली. टेबलाजवळ तो एकटाच होता.

ती म्हणाली, "अगदी बरोबर केलंत."

तो म्हणाला, "आधी हात वर गेला गं, नाकापाशी. कळायच्या आत गेला."

मुख्य प्रयोगशाळेत तपासणी झाली. जंतू तिच्या शिकवणीतलाच निघाला. पोलीस येऊन चौकशी करून गेले. कुणी वाकड्या मनाचा माणूस वगैरे नव्हता. रुग्ण शेळ्या राखायचा आणि दूध न तापवता प्यायचा, एवढंच. मामाच्या लॅबमधल्या सगळ्यांना कित्येक आठवड्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि मामानं वेळेत झाकण लावलं म्हणून बाकी कुणाला काही झालं नाही. ती पोरं आजही ठणठणीत आहेत.

मामाला त्या गोळ्या सोसल्या नाहीत. पोटात काही ठरेना. त्यानं चार दिवस कळ काढली आणि मग कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. मामीला म्हणाला, संपल्या. भाचीला म्हणाला, घेतोय. दुसऱ्याला औषध चुकवलं म्हणून फैलावर घेणारा हा माणूस, पण दिव्याखाली अंधार असतो तो असा. पुढे ताप येऊ लागला तेव्हा तो त्याला पडसं म्हणाला, पाठ धरली तेव्हा वय म्हणाला. लहानपणापासून त्याच्या हृदयाची एक झडप अधू होती. जंतू तिथे जाऊन बसला. डॉक्टर आधी ऑपरेशनचं बोलत होते, नंतर ते बोलेनासे झाले.

त्या दिवसांत ती रोज दवाखान्यात जाई. मामा पुन्हा पहिल्यासारखा बोलू लागला होता, आणि हे सुख आत्ताच का मिळावं म्हणून तिचा जीव तुटे. एका संध्याकाळी मामी खाली चहा आणायला गेली. मामा छताकडे बघत म्हणाला, "माझा निकाल राहिलाय तुझ्याकडे."

"कसला निकाल?"

"फोन केला त्या दिवसाचा. या वेळी जंतू खरा होता. सांग, पास की नापास?"

तिनं त्याचा हात हातात घेतला. केवढासा झाला होता तो हात. "पास, मामा. सगळ्यांना वाचवलंस तू."

त्यानं हात सोडवून घेतला. या आजारपणात तो पहिल्यांदा चिडला होता. "वास घेतला तर बाकीचं काही बघायचं नाही, हे कुणी ठरवलं?"

"मीच."

"मग मला सूट कशाची देतेस? उद्या माझी गोष्ट वर्गात सांगशील. पोरं म्हणतील, मामांनी हुंगलं तरी पास झाले, मग आम्ही का नाही? त्यातला एक तरी मरेल. नीट सांग."

मामानं छातीवर हातांची घडी घातली, सलाइनची नळी सांभाळत, आणि तो नुसता वाट बघत राहिला.

"नापास," ती म्हणाली.

"हं," म्हणून त्यानं डोळे मिटले. दारात मामी उभी होती, हातात चहाचा थर्मास. ती आत आली आणि कप पुसू लागली.

त्याच आठवड्यात मामा गेला. लॅबमधली सगळी पोरं आली, मोठे डॉक्टर आले, त्याचे जुने विद्यार्थी कुठून कुठून आले. मामीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, सगळ्यांना पाणी दिलं, पण भाचीकडे बघितलं नाही. तिला वाटलं, दुःखात माणसाला सुचत नाही. रात्री घर रिकामं झालं. दोघी स्वयंपाकघरात भांडी आवरत होत्या. मामीनं नळ बंद केला आणि तिच्याकडे पाठ ठेवूनच बोलली.

"जाणारा जीव तो. शेवटचं एकदा पास म्हणाली असतीस, तर काय बिघडलं असतं तुझं?"

"म्हटलं होतं, मामी," ती म्हणाली. "त्यानं घेतलं नाही."