समीक्षेच्या कव्हरातली गलबतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या बाकी सगळ्या खोडी पाठ आहेत. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

मी नांदेडच्या एका कॉलेजात मराठी शिकवली. चर्चासत्रांत माझ्यासारखे पोत्यानं भेटतात — उपम्याची बशी हातात धरून समाजाच्या वेदनेवर बोलणारे. रंजनाच्या पुस्तकांना तर मी इतक्या शिव्या घातल्यात की विचारू नका. आणि घरी? समीक्षाग्रंथाचं कव्हर चढवून समुद्री चाच्यांच्या कादंबऱ्या. तलवारी, वादळं, बेटावर पुरलेल्या पेट्या. पन्नाशीपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण वादळात शीड कसं उतरवतात ते मला विचारा. एवढं सुख दुसऱ्या कुठल्याच वाचनानं दिलं नाही — आणि त्याचीच लाज. लाज कसली, भित्रेपणा.

पण ही काही कबुली नव्हे. चोरून वाचणारे काय कमी आहेत?

मुदखेडची एक मुलगी — वैशाली म्हणू — पीएच.डी.चा विषय घेऊन आमच्या समितीपुढे आली. वडील रेल्वेत गँगमन. शाळेच्या कपाटातली हीच पुस्तकं वाचून तिला वाचनाची गोडी लागलेली. विषय — मराठीतल्या चाचेकथा. दाखवायला त्यातल्या एका कादंबरीची स्वतःची जुनी प्रतही आणली होती. बोलता बोलता ती म्हणाली, कप्तान स्वतःचंच गलबत जाळतो ते मधल्या प्रकरणात. मी पटकन म्हणालो, "शेवटच्या." मास्तरची जीभ — चूक दिसली की राहवत नाही.

तिचा चेहरा उजळला. "म्हंजे सर, तुम्ही बी वाचलंय की हे."

लातूरहून आलेले तज्ज्ञ चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागले. हो म्हणायला काय लागत होतं — एक अक्षर? मी म्हणालो, "कचरा टाकायचा तर आधी हुंगावा लागतो, बाई." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. अर्जावरचा शेरा माझ्याच हातचा — विषय संशोधनास अपात्र.

ती परत आली नाही. दुसरा विषयही मागितला नाही. मुदखेडला एका झेरॉक्सच्या दुकानात असते म्हणे. गाडी तिथं थांबते तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून बसतो.

तिची प्रत टेबलावरच राहिली होती. मी ती गुपचूप पिशवीत टाकली. समासात तिच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत — वाचताना मी जिथं जिथं थांबतो, नेमक्या तिथं. आणि गलबत मधल्याच प्रकरणात जळतं. तिचंच बरोबर होतं.

परवा पुन्हा वाचली. मजा आली.