ऊन मोजणारे शेजारी

सगळ्या पृथ्वीचा ताप मोजणं हे ज्यांचं काम होतं, त्यांना स्वतःला ताप आलाय हे मात्र दुसऱ्याने सांगावं लागायचं, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. मुंबईला कुठल्याशा सरकारी ऑफिसात शास्त्रज्ञ होते. लग्न केलेलं नव्हतं. का केलं नाही असं मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाले, "राहून गेलं." मी म्हटलं, "दूध आणायचं राहून जातं. लग्न कसं राहून जातं?" यावर त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, "दूधही राहिलंय आज." मग मीच पातेलीभर दूध वर पाठवलं.

हवामानवाले म्हणून बिल्डिंगमधले सगळे त्यांना पावसाचं विचारायचे आणि ते कधीही सांगायचे नाहीत. सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न जूनच्या तोंडावर होतं. मांडव उघड्यावर घालायचा की हॉल घ्यायचा, हे विचारायला ते वर गेले. शेजारी म्हणाले, "उद्याचं, परवाचं माझ्याकडे नसतं हो. पुढच्या तीस वर्षांचं विचारा." सेक्रेटरी म्हणाले, "तीस वर्षांनी मला नातवंडं असतील, मांडव आत्ता घालायचाय." हॉल घेतला, पाऊस काही आला नाही, आणि हॉलचे पैसे शेजाऱ्यांमुळे गेले असं सेक्रेटरी पुढे कित्येक वर्षं म्हणत राहिले. शेजाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. एक दिवस म्हणजे हवा नव्हे, असं ते म्हणायचे. माणूस एक दिवस चिडला म्हणून त्याला चिडका म्हणत नाहीत, वर्षानुवर्षं चिडला तर म्हणतात, आणि पृथ्वी वर्षानुवर्षं किती चिडत चाललीये तेवढं मी बघतो, असं त्यांचं म्हणणं.

ते बघण्यासाठी त्यांना अधूनमधून छोट्या विमानातून समुद्रावर जावं लागायचं. तिथली हवा काचेच्या बाटल्यांत भरून आणायची असे. विमान लागतं म्हणजे किती लागावं याला काही सुमार? जायच्या आदल्या दिवसापासून जेवण बंद, आणि आल्यावर दोन दिवस माझ्याकडून ताकभात जायचा. एकदा त्या बाटल्या ऑफिसात पोचवायला उशीर झाला म्हणून त्यांनी घरीच आणून ठेवल्या. मी डबा द्यायला गेले तर टेबलावर ओळीने रिकाम्या बाटल्या, बुचं घट्ट. विचारलं, "यांत काय आहे?" तर म्हणाले, "हवा." "आणि इथे काय आहे?" "वहिनी, ती अरबी समुद्रावरची आहे, फार उंचावरची." त्या दिवशी कारखान्यांकडून असा काही वास सुटला होता की नाकाला पदर लावला होता मी. म्हटलं, "एक उघडा मग. जरा बरं वाटेल." ते दचकून बाटल्यांच्या आडवे उभे राहिले. मला थट्टा करता येते हे त्यांच्या लक्षात यायला दोनतीन वर्षं लागली.

आभाळात फार उंच उपग्रह फिरतात आणि ते पृथ्वीचे फोटो काढतात, हे मला त्यांनीच सांगितलं. पण वरून दिसलेलं खरं आहे का, हे खाली कुणीतरी उभं राहून बघावं लागतं. उपग्रह ठरावीक दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आपल्या डोक्यावरून जायचा. त्या दिवशी हे गृहस्थ रजा टाकून कुठल्यातरी उघड्या जागी जायचे, एक पांढरीशुभ्र रंगवलेली फळी उन्हात ठेवायचे आणि हातातल्या यंत्राने आधी फळीवरून आणि मग जमिनीवरून किती ऊन परत जातं ते मोजायचे. एकदा शीळफाट्याजवळच्या माळावर गेले होते. तिकडच्या लोकांच्या जमिनी सरकारने घेतलेल्या, काहींच्या जायच्या होत्या. साहेब दिसला, यंत्र दिसलं, गावातले चारपाच जण आले. म्हातारा म्हणाला, "आमची जागा मापाला आयलास का?" हे म्हणाले, "नाही हो, ऊन मोजायला." म्हाताऱ्याने मागे वळून बाकीच्यांना सांगितलं, "आता उनाचाबी टॅक्स घेनार हे." फळीसकट त्यांना एका घराच्या ओटीवर बसवून ठेवलं. उपग्रह डोक्यावरून निघून गेला. संध्याकाळी हे घरी आले ते पोटभर जेवून आणि पिशवीत भेंड्या घेऊन. म्हणाले, "माणसं चांगली होती. रीडिंग तेवढं गेलं."

आता माझं सांगते. माझा नवरा मोहने गावच्या कारखान्यात होता. तो हार्टने गेला तेव्हा मुलगी सुनंदा शाळेत होती. माझं शिक्षण चौथी. मला करता येत होतं ते म्हणजे वाळवण. कुरडया, सांडगे, तांदळाच्या पापड्या, साबुदाण्याच्या चिकवड्या. मार्च ते मे गच्चीवर घालायच्या आणि वर्षभर ऑर्डरी द्यायच्या. घर त्याच्यावर चाललं. गच्चीवर एका बाजूला पाण्याची टाकी, तिच्या सावलीचा काही उपयोग नाही. उरला दक्षिणेकडचा कोपरा. तिथे माझं वाळवण आणि तिथेच शेजाऱ्यांची यंत्रं. पेटीतला थर्मामीटर होता, काचेच्या गोल टोपीखाली ऊन मोजणारं काहीतरी होतं, आणि ती फळी. बिल्डिंगमध्ये आल्यापासून त्यांनी तिथलं रोजचं ऊन मोजलेलं होतं, एक दिवस चुकवलेला नाही. विमानात गेले तर सुनंदाकडून आकडे लिहून घ्यायचे.

एका एप्रिलमध्ये मी पहाटे चीक शिजवला, सोऱ्या घेऊन वर गेले, तर माझं प्लॅस्टिक वाऱ्याने फाटलेलं. बाजूलाच त्यांची फळी होती, स्वच्छ, पांढरी, सपाट. मी तिच्यावर कुरडया घातल्या. दहा वाजता हे यंत्र घेऊन वर आले. उपग्रह यायची वेळ. मी त्यांच्याकडे बघतेय, ते कुरडयांकडे बघताहेत. मग त्यांनी काय केलं, तर कुरडया मोजल्या. म्हणजे किती आहेत ते नव्हे, त्यांच्यावरून किती ऊन परत जातं ते. झाल्यावर म्हणाले, "वहिनी, या खाऊ नका. त्या रंगात काय काय आहे." सगळा घाणा फुकट. मी तोंडाला येईल ते बोलले, आणि ते सगळं ऐकून हे संध्याकाळी गहू घेऊन आले. तेही खायचे नव्हेत, पेरायचे, औषध लावलेले.

त्यातून एक झालं. पांढरं ऊन परत धाडतं आणि काळं पिऊन टाकतं, हे त्यांनी मला तिथेच उभं राहून समजावलं. म्हणाले, "पृथ्वीच्या दोन्ही टोकांना बर्फ आहे. तो वितळला की खाली काळं पाणी." म्हटलं, "म्हणजे पापड्या उचलल्या की गच्ची तापते, तसं." ते इतके खूश झाले की आठवडाभर जिन्यात भेटेल त्याला पापड्यांवरून पृथ्वी समजावत होते. मी विचारलं, "एवढं कळायला विमानात जाऊन ओकायला कशाला हवं?" म्हणाले, "किती तापते ते कळायला हवं ना."

मग केबल आली. नव्वद सालानंतरची गोष्ट. केबलवाल्याला गच्चीवर डिश लावायची होती, सोसायटीला भाडं मिळणार होतं आणि सगळ्यांना सिनेमे. डिशला दक्षिणेकडचं मोकळं आभाळ हवं. मीटिंग झाली. सेक्रेटरी म्हणाले, "कोपरा एवढाच आहे. डिश लावली की यंत्रं राहतील नाहीतर वाळवण. दोन्ही राहणार नाही." सुनंदा त्या वर्षी ठाण्याच्या कॉलेजात जाणार होती. मी मान खाली घालून बसले नव्हते, पण माझं काही चालणार नाही हे कळत होतं. शेजारी सरकारी माणूस, त्यांच्या कामाला सरकारी शिक्का. माझ्या कामाला कुणी काम म्हणत नव्हतं.

शेजारी उभे राहिले. मीटिंगमध्ये ते कधी बोलायचे नाहीत. म्हणाले, "यंत्रं मी काढतो. वहिनींची जागा ठेवा. यंत्रांच्या जागी डिश टाकीला लागून लावा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये चार वाजेपर्यंत वाळवणावर सावली येणार नाही. मी बघितलंय."

"आणि तुमचं ते मोजणं?" सेक्रेटरींनी विचारलं. एकदोघे हसले.

"झालं तेवढं पुरे."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"वहिनी, ऊन आता वरूनही मोजता येतं. कुरडया वरून वाळवता येत नाहीत."

मी चौथी शिकलेली असले तरी एवढं मला कळत होतं. वरचं खरं की खोटं हे खालच्याने बघावं लागतं, हे इतकी वर्षं मला त्यांनीच सांगितलं होतं. पण तोवर ते घाईघाईने जिना चढून गेले होते.

रविवारी त्यांनी यंत्रं उतरवली. सुनंदा मदतीला गेली, मी गेले नाही. मला चीक ढवळायचा होता.

त्या कोपऱ्यावर सुनंदाचं कॉलेज झालं. आता ती ठाण्यात चांगल्या नोकरीवर आहे आणि मला दुकानातल्या कुरडया आणून देते. त्या मी खाते, तक्रार करत नाही. शेजाऱ्यांची पुढे दक्षिणेकडे कुठेतरी बदली झाली. जाताना मी वर्षभर पुरेल एवढं वाळवण डब्यात भरून दिलं. आभार वगैरे मानले नाहीत. मला ते जमत नाही, आणि त्यांनाही ऐकून घ्यायला जमलं नसतं. डबा हातात घेऊन म्हणाले, "तळायचं कसं?" मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं.

आता ते असतील तर म्हातारे झाले असतील. विमानातून जात नसतील, ते एक बरं. जिथे असतील तिथे त्यांना एक मोकळी गच्ची मिळालेली असू दे, आणि शेजारीण माझ्याइतकी वाळवणवाली नसू दे.